डावा खांदा

भूकंपाची गोष्ट मला तोंडपाठ आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, त्यामुळे सगळं गाव दमून गाढ झोपलेलं. मी नऊ वर्षांची. औसा तालुक्यातलं आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. घर पडलं, आजी आणि मी आत अडकलो, ऊन वर आल्यावर काकांनी बाहेर ओढलं. आई आणि धाकटा भाऊ गेले.

ही गोष्ट मी भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये येणाऱ्या पत्रकारांना सांगितली, मामाने लातूरला नेल्यावर शाळेतल्या बाईंना सांगितली, हॉस्टेलच्या मैत्रिणींना सांगितली, लग्न ठरताना नवऱ्याला सांगितली. कुठल्या वाक्याला ऐकणाऱ्याचे डोळे भरतात हेसुद्धा मला माहीत झालं होतं. माझे भरत नसत. म्हणून कुणी 'बोलून टाक, मोकळं वाटेल' म्हणालं की मला हसूच यायचं. बोलण्याची कमतरता कधीच नव्हती हो.

अंगाचं मात्र वेगळंच चाललेलं. रस्त्याने ट्रक गेला, खिडकीच्या काचा थरथरल्या, की माझा डावा खांदा कानाकडे चढायचा. मला पत्ता नसायचा, नवरा नुसतं 'खांदा' म्हणायचा आणि मी तो खाली आणायचे. बेडरूमचं दार लावलेलं चालत नसे. पुण्यात फ्लॅट घेताना तळमजलाच हवा म्हणून हटून बसले. ड्रेनेजचा वास, डास, वरच्या मजल्यावरच्यांचं कपडे पिळलेलं पाणी, सगळं मान्य. आणि पहाटे साडेतीन-पावणेचारला जाग. गजर नाही, स्वप्न नाही, टक्क डोळे उघडे.

ज्यांनी माळवदाचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढे लागणार आहे. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, त्यात सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर चांगली फूट-दोन फूट माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्याच्या आधी वर आणखी थोडी पांढरी माती घालायची, म्हणजे छताचं वजन वर्षागणिक वाढतच जायचं. उन्हाळ्यात आत असा गारवा की दुपारी बाहेर पडवत नसे. तेच सगळं पहाटे अंगावर आलं. एक तुळई तिरपी अडकली म्हणून मी वाचले. त्याच तुळईखाली माझा डावा हात होता.

2018 च्या सुमारास कर्वे रोडवर मेट्रोच्या खांबांचं काम चालू होतं आणि आमच्या पतसंस्थेचं ऑफिस रस्त्याला लागून. पायलिंगचं मशीन सुरू झालं की जमीन खालून हुं हुं करायची. मी अकाउंट्स बघते. मार्चअखेरीच्या गडबडीत टॅलीसमोर बसलेली असताना एकदा हात असे गार पडले की कीबोर्डवर बोटं उठेनात. नजर समोरच्या कॅलेंडरवर, सगळं ऐकू येतंय, शिपाई मामा 'मॅडम, चहा' म्हणतायत, पण तोंडातून शब्द नाही. तेव्हा मी मुकाट्याने डॉक्टरची वेळ घेतली.

आधी हाडांचे डॉक्टर. एक्स-रे स्वच्छ. मग मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी पीटीएसडी म्हणून सांगितलं, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात-अंगात मागे राहणारा त्रास. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे हे निदान 1980 साली अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात दाखल झालं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये 1993 साली कुणी त्याचं नाव काढल्याचं मला आठवत नाही. तिथे 'धसका घेतलाय पोरीनं' एवढंच म्हणत. गोळ्या सुरू झाल्या, झोप सुधारली. गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण खांदा चढायचा तो चढायचाच.

मधल्या काळात एका मावसबहिणीच्या आग्रहाने मौनाचं एक निवासी शिबिर केलं. डोळे मिटून, न हलता, शरीराच्या एकेका भागावर लक्ष फिरवायचं. कित्येकांना त्याचा फायदा होतो, मी पाहिलेलं आहे. माझं मात्र तिथे अवघड झालं. विचार करा: अंधार, गप्प बसायचं, हलायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना हेच तर केलं होतं! सामान बांधून घरी आले. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

मानसोपचारतज्ज्ञांनीच मग एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा नंबर दिला. त्यांनी सोमॅटिक पद्धतीचं, म्हणजे शरीराच्या अंगाने जाणाऱ्या थेरपीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं होतं. इथे त्यांना मॅडमच म्हणते. सवयीप्रमाणे मी गोष्ट सुरू केली. 'तुळई'पर्यंत आले, तर त्या म्हणाल्या, "जरा थांबू या का? आत्ता तुमचा श्वास थांबला." मी चकित. आजवर मला या गोष्टीत कुणी मध्ये थांबवलंच नव्हतं. थांबवणार कसं, लोक रडत असायचे. "मान वळवून खोलीत काय काय आहे ते बघा. सावकाश. दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे." मी बघितलं. पडदा मेंदी रंगाचा. कोपऱ्यात मनीप्लांट, पाण्याचा जग. मनात म्हटलं, एका सेशनचे दोन हजार रुपये घेऊन ही बाई मला पडद्याचा रंग विचारते आहे.

पुढे कधीतरी त्यांनी त्यामागचं कारण सांगितलं. धोका आहे की टळलाय हे मेंदूला फक्त विचारांतून कळत नाही. मान वळते, डोळे फिरतात, पाय जमिनीला टेकतात, श्वास खोल जातो, त्यातून त्याला बातमी मिळत राहते. व्हेगस नावाची जी मोठी नस मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाते, तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, म्हणजे शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे आहेत. ढिगाऱ्याखाली मला मान वळवता आली नव्हती. आपण बाहेर आलो आहोत हे मला ठाऊक होतं; मानेला ते अजून कुणी दाखवलं नव्हतं.

पुढचे काही महिने भूकंपाचा विषय जवळजवळ निघालाच नाही. पाय जमिनीवर कसे टेकलेत. पाठीला खुर्ची कुठे लागते. अंगात कुठे बरं वाटतंय? या शेवटच्या प्रश्नाला मी कितीतरी वेळ गप्प बसायचे, कारण कुठे दुखतं हे आपल्याला सांगता येतं, कुठे बरं आहे याची चौकशी कोण करतं? शेवटी सापडलं: उजव्या हाताचा तळवा. तिथे ऊब होती. मग खेळ असा, की डाव्या खांद्याकडे थोडंसं लक्ष न्यायचं, घट्टपणा वाढू लागला की परत तळव्याकडे यायचं. परत खांदा, परत तळवा. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग ही पद्धत बसवणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेव्हिन याला पेंड्युलेशन म्हणतात, आणि आठवण थेंबाथेंबाने घेण्याला टायट्रेशन. मला ते बारवेत उतरल्यासारखं वाटायचं: एक पायरी खाली, जरा थांब, पाहिजे तर दोन पायऱ्या वर ये, पाणी कुठे पळून जात नाही.

आता खरी गंमत. एका सेशनमध्ये खांदा चढलेला असताना मॅडमनी विचारलं, "या हाताला काही करावंसं वाटतंय का?" माझ्या तोंडून निघालं, "ढकलायचंय." त्यांनी भिंतीला एक जाडजूड उशी लावली. "जोर लावायचा नाही. जितकं हळू जमेल तितकं हळू ढकला, आणि ढकलताना आत काय होतं ते बघत राहा." मी तळवा टेकवला. पहिल्यांदा काहीच नाही. मग कोपराच्या वर, दंडात, बारीक थरथर. मला वाटलं थकवा आला. ती थरथर खांद्यातून पाठीत आणि तिथून चक्क उजव्या मांडीत उतरली. मांडी अशी उडायला लागली की मला संकोच वाटला, मी ती हाताने दाबायला गेले. "राहू दे. डोळे उघडे ठेवा. माझ्याकडे बघा. चालेल ना?" चालत होतं. भीती अशी नव्हती. रडूही नव्हतं. दंडातून कोमट काहीतरी बोटांपर्यंत गेलं, आणि मला जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वर पोटात असा गुरगुराट की मी ओशाळून म्हणाले, जेवून आलेय हो. मॅडम हसल्या. गेर्डा बॉयसेन नावाच्या नॉर्वेजियन थेरपिस्ट तर मसाज करताना माणसाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून हा गुरगुराट ऐकायच्या म्हणे. आतडी बोलू लागली की ताण सुटतोय, असा त्यांचा हिशोब होता.

त्या रात्री मी पहाटे उठले नाही. पुढच्या रात्री उठले. चमत्कार वगैरे झालेला नाही, आधीच सांगून ठेवते.

हे सगळं काय आहे म्हणून मी अर्थातच वाचायला घेतलं. आकडेमोडीच्या माणसाला खुलासा लागतो. या घराण्याचा मूळ पुरुष विल्हेल्म राइश, फ्रॉइडच्या वर्तुळातला ऑस्ट्रियन डॉक्टर. माणूस भावना दाबतो तेव्हा स्नायूंचं चिलखत घालून बसतो, हे त्याचं निरीक्षण मला माझ्या खांद्यामुळे तत्काळ पटलं. पुढे हाच गृहस्थ विश्वातली 'ऑर्गोन' नावाची ऊर्जा पेटीत साठवायला निघाला, अमेरिकेत न्यायालयाचा हुकूम मोडला म्हणून तुरुंगात गेला आणि 1957 साली तिथेच वारला. चांगली कल्पना आणि खुळचटपणा एकाच डोक्यात किती गुण्यागोविंदाने नांदतात पाहा! त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन याने बायोएनर्जेटिक्स काढलं. त्यानंतर लेव्हिन, पॅट ऑग्डेन वगैरे मंडळी आली. यांनी आरडाओरडा, आदळआपट कमी केली आणि सगळं हळू, बेताबेताने करायला सुरुवात केली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

लेव्हिन यांचं सगळंच मी मान्य केलेलं नाही. जंगलातलं हरीण वाघाच्या तावडीतून सुटलं की थरथरून मोकळं होतं आणि पुन्हा चरायला लागतं, म्हणून जनावरांना ट्रॉमा, म्हणजे आघाताचा धसका, राहत नाही, असं ते मांडतात. जंगलातलं मला माहीत नाही. गोठ्यातलं माहीत आहे. आमच्या काकांचा एक खिलार बैल ओढ्यावरच्या पुलापाशी ट्रकला घाबरून गाडीसकट खाली गेला होता. बैलाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर तो त्या पुलावर म्हणून कधी चढला नाही. काकांनी चुचकारलं, मारलं, दुसऱ्या बैलाला पुढे घातलं. हा चारही पाय रोवून उभा. शेवटी बाजार दाखवावा लागला. तेव्हा जनावरं विसरतात हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगून बघा.

पुराव्याचंही असंच सांभाळून बोलावं लागतं. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या गावांत या पद्धतीचं काम झालं होतं, दीडशे लोकांना एकेक सव्वा तासाचं सेशन देऊन. आठ महिन्यांनी बहुतेकांना आराम वाटत होता. वाचताना माझे कान टवकारले, कारण तेही आमच्यासारखेच, घरं गेलेले, माणसं गेलेली. पण तुलनेसाठी सेशन न दिलेला गट नव्हता, त्यामुळे आराम थेरपीने पडला की काळाने, हे त्यातून ठरत नाही. 2017 साली इस्राएलमध्ये 63 जणांवर या पद्धतीची रीतसर चाचणी झाली. अर्ध्यांना लगेच पंधरा सेशन्स, अर्ध्यांना थांबायला लावलं. थेरपी मिळालेल्यांची लक्षणं लक्षणीय कमी झाली. ट्रॉमावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा 2014 चा योगासनांचा अभ्यास 64 स्त्रियांवर होता, त्याचाही निष्कर्ष चांगला आहे. पण 63, 64, हे आकडे लहान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये ट्रॉमासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यात सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलत नेणाऱ्या थेरपीचा, ट्रॉमासाठीचा प्रकार आणि डोळ्यांच्या हालचालींचं ईएमडीआर आहे. सोमॅटिक पद्धत त्यात नाही. मला गुण आला म्हणून ती सगळ्यांना लागू पडेल असं लिहायला माझा हात धजत नाही.

आणि बाजार तर मांडलेलाच आहे. एक मैत्रीण मला मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर 'ट्रॉमा रिलीज' शिबिराला घेऊन गेली होती. चाळीसएक माणसं, मोठ्याने ढोल, आणि सगळ्यांनी एकदम किंचाळत उशा बडवायच्या. शेजारचा तरुण मुलगा काही वेळाने भिंतीला टेकून बसला, डोळे टक्क, ओठ पांढरे. मला ते लगेच ओळखू आलं. त्याच्याशेजारी बसून मी त्याला विचारत राहिले, दार कुठे दिसतंय, बुटांचा रंग कुठला. संयोजक लांबून म्हणत होते, चांगलं आहे, बाहेर पडतंय. काही बाहेर पडत नव्हतं, तो पोरगा आत आत चालला होता. म्हणून कुणाकडे जाताना नीट चौकशी करा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का, स्पर्श करणार असतील तर आधी विचारतात का, आणि तुम्ही 'आज नको' म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो. माझ्या मॅडमनी खांद्यामागे हात ठेवायची परवानगी मागितली तेव्हा कितीतरी महिने उलटून गेले होते. एकदा मी नको म्हटलं, तर त्या उलट खूश झाल्या. ज्यांना दोन हजारांचं सेशन परवडणार नाही, त्यांनी निदान टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आपल्याकडे हे सगळं आधीपासून होतं, असं म्हणायचा मोह मला होतो. शेडमध्ये आजी रोज रात्री माझ्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची, तळवे काळे होईपर्यंत, आणि तेवढीच माझी झोप व्हायची. मॅडमनी हे दोनदा विचारून घेतलं, वाटी कशी धरायची, कुठून कुठे फिरवायची. पण तीच आजी दिवसा मला जवळ घेऊन म्हणायची, "कशाला रडलालीस? गप. पोरगं गेलेल्या बायकाबी गप हायत." तिला तरी काय करायचं होतं, तिच्यावर पाच नातवंडं येऊन पडली होती. रात्रीच्या वाटीने जे सैल व्हायचं ते सकाळी पुन्हा आवळलं जायचं.

लॉकडाऊनमध्ये सेशन्स व्हिडिओवर आली. मॅडमना माझे पाय दिसेनात म्हणून मी लॅपटॉप फरशीवर ठेवायचे आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसायचे. नवरा चहा घेऊन आला की स्क्रीनवर आधी त्याच्या चपला. याच काळात बेडरूमचं दार मी पहिल्यांदा लावून घेतलं, तेही थेरपीमुळे नाही, मुलीच्या ऑनलाइन तबल्याच्या क्लासमुळे. दोन-तीन दिवसांनी लक्षात आलं की अरे, दार लावलेलं आहे आणि आपण आत बसून पुऱ्या बेरजा करतोय.

पहाटेची जाग अजून आहे. पूर्वीइतकी नाही. खांदा चढतो, पण आता मलाच आधी कळतं.

काकू अजून गावी असतात, म्हणजे नव्या गावठाणात, सरकारने आखून दिलेल्या सरळ ओळींतल्या घरात. घर पक्कं आहे, तरी त्या अंगणात पत्र्याखाली बाजेवर झोपतात. आत सामान. असे बरेच जण आहेत तिकडे, आमच्या पिढीच्या वरचे. मी मॅडमना विचारलं, काकूंना कसं आणू? त्या म्हणाल्या, झोप लागते का त्यांना? लागते, घोरतात. मग राहू द्या की.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडे 4.5 चा धक्का बसला. नांदेडच्या नणंदेचा मेसेज आला आणि पुण्यात, काहीही हललेलं नसताना, माझे गुडघे गेले. ओट्याला धरून उभी राहिले. खिडकी, गॅसचं बटण, फ्रिजवरचा लोहचुंबकाचा गणपती, एकेक बघत गेले. मग हॉलच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून सावकाश ढकलत राहिले, मांडीला काय उडायचं ते उडू दिलं. दोन-चार जांभया आल्यावर काकूंना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांच्याकडे सगळं ठीक होतं, टीव्हीवर बातमी बघत होत्या.

"तू काय करलालीस?"

"भिंत ढकलतेय."

मग खुलासा करावा लागला. मॅडम, उशी, दोन हजार रुपये, सगळं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"ढकल की मग," त्या म्हणाल्या. "पाडू नको म्हंजे झालं. हप्ते चालू हायत न्हवं अजून?"